एका वर्षाची चूक

बाणकोटच्या खाडीत एक जुना मचवा मोडत होते.
ओहोटीला चिखलात उतरायचं, भरतीला वर यायचं,
मधल्या वेळेत घण.
मी पुण्याहून करवत घेऊन आले होते
आणि एक वही. तिच्यात सावित्रीच्या वरच्या अंगाचे
जिवंत साग, वलयावलयाने मागे जात
एकोणीसशे अकराला येऊन थांबलेले.
त्याआधीचं जंगल आता उभं नाही.
ते दारं झालं, स्लीपर झालं, कोळसा झालं,
आणि थोडं, हे असं, समुद्रावर गेलं.

फळ्यांचे तुकडे काढले, पॉलिशपेपरने घासले,
लेन्सखाली एकेक पावसाळा मोजला.
रुंद, रुंद, अरुंद, रुंद,
केसाएवढं एक, मग परत रुंद.
वहीतल्या रांगेवर ही रांग ठेवून पाहिली.
कुठेच बसेना.
बसेल असं वाटावं तिथे अर्धी जुळे
आणि पुढची अर्धी एका घराने सरकलेली,
घाईत पहिलंच बटण चुकवून
कुणी खालपर्यंत लावत गेल्यासारखी.

हसनमियाँ होडेकरांना वय विचारलं
तर म्हणाले, ‘मचव्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा.’
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तुकडा मांडीवर घेतला
आणि अंगठ्याचं नख आडवं ओढत नेलं
गाभ्याकडून बाहेर, सायीवरून न्यावं तसं.
टच्. टच्. टच्.
एका जागी थांबले. मागे आले. परत पुढे.
‘इथं तुम्ही दोन धरलीत?’
धरली होती.
‘दोन नाहीत. नख अडकत नाही इथं, घसरतं.
त्या साली पाऊस मध्येच उठून गेला असणार,
महिना, दीड महिना. झाडानं दार ओढून घेतलं.
मग आला परत. झाडानं उघडलं.
म्हणून काय ते दुसरं साल झालं?’

रात्री वेसवीच्या लॉजवर, वीज आल्यावर, पाहिलं.
खरंच. कड धूसर.
छिद्रं हळूहळू बारीक होत गेलेली
आणि हळूहळूच मोठी.
सरलेल्या सालाची भिंत एकदम उभी राहते,
हा नुसता पडदा होता.
आमच्याकडे याला खोटं वलय म्हणतात.
मला तो शब्द त्या रात्री जड गेला.
झाड खोटं बोललं नव्हतं. थांबलं होतं.

एक खोडलं.
रांग सरकली आणि बसली,
अकरापासून पंचेचाळीसपर्यंत खाचेत खाच,
आणि तिथून मागे
आज जिवंत कुणीही न भिजलेले
एकतीस पावसाळे.
मी लॉजच्या पोराला उठवून चहा मागितला.
त्याला वाटलं, लग्न ठरलं कुणाचं तरी.

सकाळी सांगायला गेले.
ते खिळे निवडत बसले होते,
तांब्याचे एका डब्यात, लोखंडी दुसऱ्यात, हातानेच.
‘आणि झाड तोडलं कधी, ते निघालं?’
ते नाही निघत.
बाहेरचं पांढरं लाकूड होडीला चालत नाही, किडतं.
ते तुमच्या वडिलांनी वाकसाने तासून काढलेलं;
शेवटची काही सालं त्यात गेली.
‘बरोबर,’ ते म्हणाले.
‘त्या ढलप्यांवर चहा उकळायचं काम माझं होतं.’

काठावर नातवाची नवी होडी. फायबरची, पिवळी.
तिच्यावर मी नख ओढून पाहिलं, उगाच.
घसरत गेलं, नाळेपासून वरामापर्यंत.

निघताना त्यांनी विचारलं,
तपासून झालं की तो तुकडा परत मिळेल का.
घरात माठ डुगडुगतो.
मी हो म्हटलं आणि वहीत लिहिलं:
नमुना सतरा. परत करणे. माठाखाली.